ज्ञानपीठ मिळालं म्हणून आवडायलाच हवी?

आमच्या गावातल्या वाचन मंडळात आम्ही बाराजणी. महिन्याची भिशी उघडली की चहाबरोबर एका पुस्तकावर बोलायचं, असा नेम. पण यंदा भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' घेतली आणि मंडळात सरळ दोन तट पडले. एवढी भांडाभांडी आजवर कुठल्याच पुस्तकावरून झाली नव्हती!

'कोसला' आली १९६३ मध्ये, नेमाडे पंचविशीचे असताना. सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात जातो, पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परततो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. आमच्यातल्या निवृत्त मराठीच्या बाई म्हणाल्या, "पानोपानी वगैरे आणि उदाहरणार्थ! माझ्या वर्गात असा निबंध आला असता, तर पुन्हा लिहायला लावला असता." आम्ही खूप हसलो. पण मला वाटतं, ते मुद्दामच आहे. कशावरच विश्वास न उरलेलं पोरगं मोठं काही बोलायला लाजतं, मग 'वगैरे' म्हणून सोडून देतं. घरात विशीतला मुलगा असेल, तर हे चटकन कळेल बघा.

मनी, त्याची धाकटी बहीण, जाते तिथं मात्र दोन्ही तट गप्प झाले. एक वहिनी म्हणाली, ती पानं मी परत उघडणार नाही.

आमच्यातल्या एकीचं माहेर जळगावकडचं. एरवी ती कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बोलण्याला सगळे हसायचे. पाहुणे आले की मला आत बसायला सांगायचे. ह्या पुस्तकात आमच्याकडची माणसं आहेत, आमच्यासारखीच बोलतात." नेमाड्यांच्या देशीवादावर मोठमोठी व्याख्यानं झालीत. तिचं हे बोलणं मला त्याहून जवळचं वाटलं.

पण खरा वार केला अंगणवाडीताईंनी. "पांडुरंगचं दुःख मोठं, मान्य. पण तो नापास होऊन घरी येऊ शकतो. मी दहावीला नापास झाले, तर तीन महिन्यांत मला उजवून टाकलं. त्याच्या आईच्या मनात काय चाललं होतं, ते कोण लिहिणार?" यावर पुस्तकाची बाजू घेणाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. मी त्यांच्यातलीच, आणि मला हा आक्षेप खराच वाटतो. पुस्तक आवडूनही वाटतो.

दोघी-तिघींनी उत्साहानं २०१० ची 'हिंदू'ही आणली होती. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून, वडील अत्यवस्थ म्हणून गावाकडे निघालेला खंडेराव आणि त्याच्या आठवणींचा न संपणारा पसारा. सहाशेच्या घरातली पानं! पूर्ण केली एकीनंच, तीही गुडघा दुखून महिनाभर अंथरुणावर होती म्हणून. सुरुवात करायची तर 'कोसला'नंच करा, बरं का.

मला राग आला तो वेगळ्याच वाक्याचा. एकजण हळूच म्हणाली, "२०१४ चं ज्ञानपीठ मिळालंय त्यांना. मला नाही आवडली, म्हणजे माझ्याच डोक्यात काही शिरत नसेल." खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा यांच्यानंतर मराठीत आलेलं हे चौथं ज्ञानपीठ, मान आहेच. पण अडीचशे रुपये भिशीतून बाजूला काढून, स्वयंपाक आवरून, रात्री अकराला दिव्याखाली वाचणाऱ्या बाईनं स्वतःचं मत असं का गिळावं? भाजी अळणी झाली तर आपण सांगतोच की! तिला मी पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, "कंटाळा आला. पण तो वडिलांशी भांडतो ते खरं वाटलं." मला तर हे नेमकं परीक्षण वाटलं.

पुढचं पुस्तक अंगणवाडीताईंनी निवडलंय: कमल देसाईंची 'हॅट घालणारी बाई'. लहानशीच आहे, पण सोपी नाही. त्यामुळे यावेळी दोन महिन्यांची मुदत ठेवलीय.