भाकरीतलं जस्त

पाऊस लांबला की हिंगोलीकडचं सोयाबीन पिवळं पडतं. कोवळ्या पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता, आणि गंमत नव्हे, दुःख असं की काळ्या मातीत लोह मुबलक असतं. जमीन चुनखडीची, सामू आठाच्या पुढे, त्यामुळे ते मुळांना लागत नाही. जस्ताचंही तेच होतं, म्हणून शेतकरी झिंक सल्फेटची पिशवी आणतो.

माणसाच्या पोटातही अगदी हेच घडतं. ज्वारी, गहू, डाळी यांत फायटेट असतं. ते लोह आणि जस्ताला धरून ठेवतं, आतड्यात सुटू देत नाही. भाकरीत आहे तेवढं अंगी लागतं, हा आपला समज त्यामुळे खोटा पडतो.

माणसालाही जस्त कमी पडू शकतं, हे उमगलं ते एका बिहारी डॉक्टरमुळे. बक्सरला जन्मलेले आनंद प्रसाद 1958 साली इराणमध्ये शिराझला रुग्ण तपासत होते. समोर 21 वर्षांचा तरुण, दिसायला दहा वर्षांचं पोर. आहार म्हणजे गव्हाची रोटी, आणि वर तो माती खायचा. रक्तात लोह कमी होतं, पण खुंटलेली वाढ तेवढ्याने उलगडेना. प्रसादांना जस्ताचा संशय आला आणि पुढे इजिप्तमधल्या अभ्यासात तो खरा ठरला. तरीही अमेरिकेने जस्ताची रोजची गरज अधिकृतपणे ठरवली ती 1974 मध्ये! आज जुलाब झालेल्या बाळाला आशाताई ओआरएसबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात, चौदा दिवस. त्या गोळीमागे शिराझचा तो तरुण आहे.

आपल्या भागासाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं ते परभणीचं काम. 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, तेव्हा हे घरचंच म्हणायचं. तिथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेबरोबर 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी दिली. नेहमीच्या वाणात किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅम जस्त, हिच्यात 32. लोह 30 च्या जागी 45. दिवसाला 300 ग्रॅम ज्वारी खाणाऱ्याच्या पोटात सहाऐवजी साडेनऊ मिलिग्रॅम जस्त जातं. पुरुषाची रोजची गरज 17 धरली आहे, म्हणजे अर्ध्याच्या वर भाकरीतूनच. पण रान जस्ताला उपाशी असेल तर हे वाणही पूर्ण देत नाही. आणि ज्वारी पेरायची तरी कुठे? तिच्या रानात आता सोयाबीन आणि हळद आहे.

जीवनसत्त्वांची गोष्ट वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. साठ टक्क्यांहून अधिक जणींत बी-12 कमी निघालं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर आणि बी-12 कमी असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं अधिक दिसली. बी-12 वनस्पतीत नसतंच. आपल्याकडे नरसी नामदेवच्या परिसरात मांस-मासे न खाणारी माळकरी घरं पुष्कळ. तिथे दूध-दही हाच आधार, आणि घरचं दूध डेअरीत गेलं की सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं. त्यातून जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं टॅनिन भाकरीतलं लोहही अडवतं. त्याऐवजी भाजीवर लिंबू पिळलं तर तेच लोह बरंच सुटतं.

जुन्या बायकांनी फायटेट हा शब्द ऐकला नव्हता, पण आंबील त्या करत होत्या. ज्वारीचं पीठ ताकात कालवायचं, गाडगं चुलीजवळच्या उबेला ठेवायचं. रात्रभरात पीठ फुगतं, फायटेट तुटत जातं, जस्त मोकळं होतं. सकाळी झाकण काढलं की आंबूस वास येतो, वर बारीक बुडबुडे असतात. मग मीठ, लसूण, जिरं घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. अंगणवाडीतल्या पोरांना आठवड्यातून दोनदा तरी परभणी शक्तीची अशी आंबील वाटीभर मिळावी, एवढी माझी मागणी आहे.