फ्रॉइड आणि जनाबाईचे जाते

मानसशास्त्राच्या अभ्यासात फ्रॉइडचे पूर्वीचे स्थान आज उरलेले नाही. त्याचे कित्येक सिद्धान्त प्रयोगाच्या कसोटीस उतरले नाहीत. ते खोटे ठरू शकतील अशा रीतीने मांडलेलेच नाहीत, हा कार्ल पॉपरचा आक्षेप प्रसिद्धच आहे. मग १९०० साल छापलेले त्याचे स्वप्नमीमांसेचे पुस्तक अद्याप का वाचले जाते?

विज्ञान म्हणून जे डळमळले, ते तत्त्वचिंतन म्हणून टिकले, हे त्याचे उत्तर होय. आपले मन आपणास पुरते ठाऊक असते, या समजुतीलाच त्याने धक्का दिला. १८९५ मध्ये ब्रॉयर व फ्रॉइड यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील एक तरुण रुग्ण स्त्री बोलून मोकळे होण्याच्या उपचाराला थट्टेने ‘धुराडे झाडणे’ म्हणत असे. परभणीकरांना हे परके वाटू नये. गंगाखेडची जनाबाई दळताकांडता विठ्ठलाशी बोलली, प्रसंगी त्याच्यावर रागावलीही. जात्यावरच्या ओव्यांतून बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले.

मात्र त्या भक्तीला ‘दडपलेली वासना’ म्हणून मोकळे होणे उथळपणाचे ठरेल. कलावंताच्या प्रतिभेपुढे आपले शास्त्र हतबल होते, अशी कबुली खुद्द फ्रॉइडने १९२८ मध्ये दोस्तोयेव्हस्कीवरील निबंधात दिली आहे.

अबोध मनाची व्याख्या पाठ करून परीक्षेत गुण मिळतील. पण शेवटच्या बाकावर अबोल झालेल्या मुलाचे ऐकून घेण्याची सवड आपल्यापैकी किती जणांना आहे?