बंगलोरचे ‘विमोर’ : जुने नमुने, नवे माग

इरकली लुगडे आणि खणाची चोळी हा महाराष्ट्रातील स्त्रियांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वेष. परंतु ज्या इळकल गावावरून लुगड्यास हे नाव मिळाले ते गाव आणि खणांसाठी प्रसिद्ध असलेले गुळेदगुड्ड, ही दोन्ही कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहेत, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असते. म्हणून कर्नाटकातील हातमागाचे पुढे काय होणार, हा प्रश्न मराठी वाचकाला परका वाटू नये.

हातमागावरील ‘नमुना’ म्हणजे केवळ कागदावर रेखाटलेले चित्र नव्हे. माग कसा मांडावयाचा, कोणते धागे कोठे व कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, हे सारे त्यात येते. इळकलच्या साडीचेच उदाहरण घेऊ. तिच्या अंगाचे उभे धागे, म्हणजे ताणा, परंपरेने सुती असतो आणि पदराचा ताणा रेशमी असतो. हे दोन ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात. या जोडणीला ‘कोंडी’ म्हणतात. लाल पदरावर पांढऱ्या नक्षीचे पट्टे येतात, तो ‘टोप तेनी’ पदर. चिक्की, गोमी अशा नावांनी तिचे काठ ओळखले जातात. आता या जोडणीचा परिणाम असा की एकदा लांबलचक ताणा लावून एकापाठोपाठ अनेक साड्या विणून काढण्याची सोय उरत नाही. प्रत्येक साडीसाठी ताणा नव्याने सिद्ध करावा लागतो. हे श्रम बहुतेक वेळा घरातील स्त्रिया करतात. साडीची किंमत करताना मात्र ते कोणी मोजत नाही.

यंत्रमागाला असला खटाटोप परवडत नाही. तो नक्षीचे बाह्यरूप तेवढे उचलतो आणि तेच रूप निम्म्याहून कमी दरात बाजारात आणतो. यावर उपाय म्हणून 1985 साली केंद्र सरकारने कायदा करून काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले. आरंभी त्या यादीत 22 प्रकार होते. पुढे ती 11 वर आली. कायदा आहे, पण त्याचा धाक फारसा जाणवत नाही. देशातील हातमाग-गणनांचे आकडे पाहिले तर 1995-96 मध्ये सुमारे 65 लाख विणकर व पूरक कामगार होते. 2009-10 मध्ये ते 43 लाखांवर आले आणि 2019-20 मध्ये 35 लाखांवर. माणसे जशी हा धंदा सोडतात तसे नमुनेही जातात, कारण ते बहुधा कोठे लिहून ठेवलेले नसतात.

चिमी नंजप्पा आणि त्यांची कन्या पवित्रा मुद्दय्या यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. चिमी नंजप्पा यांना ‘कावेरी’ या राज्याच्या हस्तकला-भांडाराचा अनुभव होता. 1974 साली या मायलेकींनी बंगलोर शहरात ‘विमोर’ ही संस्था सुरू केली. देवळांत देवीला वाहिलेल्या साड्यांचा पुढे लिलाव होतो, हे वाचकांस ठाऊक असेलच. अशा लिलावांतून मिळालेल्या जुन्या साड्यांचे काठ-पदर त्यांनी अभ्यासले आणि ते नमुने विणकरांकडून पुन्हा विणवून घेतले.

हे काम वाटते तितके सरळ नसते. जकार्डावर नक्षी उठवायची तर तिचा आलेख चौकटीच्या कागदावर काढून त्यानुसार पुठ्ठ्याचे पत्ते टोचून घ्यावे लागतात आणि त्याचा खर्च विणकराच्या आवाक्याबाहेर जातो. काठ वेगळ्या रंगाचा असेल तर ‘कोरवाई’ पद्धतीने तीन धोटे चालवावे लागतात, आणि त्यासाठी विणकराच्या शेजारी आणखी एक मदतनीस लागतो. अशा वेळी विणकराला जे साधते, त्याच्या मागावर जे बसते, तेवढेच नमुन्यात ठेवण्याचे तारतम्य संकल्पकाला असावे लागते. माझ्या मते संकल्पकाची खरी कसोटी येथेच लागते. कागदावर सुंदर रेषा काढणारे पुष्कळ असतात.

‘विमोर’ची आणखी एक गोष्ट विशेष म्हणावी लागेल. आपल्या नमुन्यांवर त्यांनी मक्तेदारी सांगितली नाही. विणकरांनी ते विणून इतरत्र विकावेत, याला त्यांची ना नाही. व्यापाराच्या दृष्टीने हे विचित्र वाटेल. पण देवळातल्या जुन्या साडीवरचा हंस किंवा रुद्राक्ष कोणाच्या मालकीचा म्हणायचा? 2000 सालचा संकल्पन कायदा केवळ नव्या नमुन्यांना संरक्षण देतो. परंपरेने चालत आलेल्यांना नाही. मात्र या औदार्याची दुसरी बाजूही आहे. विणकराला मोकळा असलेला नमुना यंत्रमागवाल्याच्याही नजरेस पडतो, आणि त्याला अडवणारे मग कोणी उरत नाही. ही अडचण अद्याप सुटलेली नाही.

कर्नाटकात जपण्यासारखे इतरही बरेच आहे. धारवाडकडील कशिद्यात गवंती, मुरगी, नेयगी, मेंती असे चार टाके आहेत आणि त्यांत धाग्याला गाठ मारीत नाहीत. दख्खनी मेंढीच्या राठ काळ्या लोकरीचे कांबळे कुरुब विणतात. आपल्याकडचे घोंगडे त्याच जातकुळीचे. शहरी ग्राहक रेशमाला जितका दाम देतो तितका या लोकरीला देत नाही.

2019 साली ‘विमोर’ने बंगलोरमध्ये जिवंत वस्त्रपरंपरेचे संग्रहालय उघडले. वस्त्रामागची गोष्ट तेथे वस्त्राबरोबरच सांगितली जाते.