वास कोंडायचा कसा, सोडायचा केव्हा?

अख्खा वेलदोडा डब्यात महिनोन्महिने पडून राहिला तरी त्याचा वास टिकतो. त्याचीच पूड करून ठेवली, तर थोड्याच दिवसांत तिचा दरवळ कमी होतो. असं का होतं? वेलदोड्याचा सुवास हा त्याच्या दाण्यातल्या तेलाचा असतो. हे तेल चटकन उडून जाणारं असतं आणि दाण्याच्या सालीखालच्या पेशींमध्ये साठलेलं असतं. खलबत्त्यात दाणा कुटला की या पेशी फुटतात. वास मोकळा होतो आणि हळूहळू उडूनही जातो.

सुगंध आणि स्वाद बनवणाऱ्या उद्योगापुढे नेमका हाच पेच असतो. वास कारखान्यात भरायचा, पण तो ग्राहकाच्या घरी दरवळला पाहिजे. त्यासाठी सुगंधी तेलाच्या प्रत्येक थेंबाभोवती एक कवच चढवतात. या तंत्राला ‘एन्कॅप्सुलेशन’ म्हणतात. आपण त्याला कोशबंदी म्हणू.

पाण्यात कालवायच्या संत्र्याच्या सरबताची पूड घ्या. संत्र्याचं तेल डिंकाच्या पाण्यात खूप घुसळतात. हा डिंक बहुधा सुदानसारख्या देशांत होणाऱ्या, बाभळीच्या भाईबंद झाडांचा असतो. त्या दुधासारख्या मिश्रणाचा बारीक फवारा एका उंच पात्रात सोडतात. तिथे साधारण 160 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाची हवा खेळवलेली असते. एवढ्या उष्णतेत वास आधी उडून जायला हवा, असं आपल्याला वाटेल. पण तसं होत नाही. थेंबातलं पाणी वाफ होताना उष्णता घेतं आणि थेंब फारसा तापत नाही. माठातलं पाणी गार राहतं, त्यामागे हेच तत्त्व आहे. शिवाय थेंबाच्या पृष्ठभागावर लगेच डिंकाची साय धरते. पाण्याचा रेणू लहान, तो त्या सायीतून निसटतो; सुगंधाचे रेणू मोठे, ते आत अडकतात. काही क्षणांत थेंबाची पूड होते. पुढे आपण ती पाण्यात टाकली की डिंक विरघळतो आणि संत्र्याचा वास सुटतो.

कपड्यांच्या बाबतीत मात्र हा डिंक उपयोगाचा नाही. तिथे कवच पाण्यात टिकलं पाहिजे आणि कपडा वाळल्यावर घर्षणाने फुटलं पाहिजे. याची वाट दाखवली ती एका वेगळ्याच धंद्याने. अमेरिकेतल्या ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ या कंपनीत बॅरेट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950च्या दशकात कार्बनशिवाय नक्कल उठवणारा कागद तयार केला. वरच्या कागदाच्या पाठीला रंगद्रव्याचे सूक्ष्म कोश लावलेले असत. पेनाच्या दाबाने ते फुटत आणि खालच्या कागदावर अक्षर उमटे. पुढच्या दशकात रंगाच्या जागी अत्तर आलं आणि खरवडून हुंगायचे कागद निघाले.

आज कपडे मऊ करणाऱ्या काही द्रव्यांत असेच कोश असतात. केसाच्या जाडीपेक्षाही लहान असे हे कोश धाग्यांना चिकटून राहतात. टॉवेलने अंग पुसलं की त्यातले थोडे फुटतात, उद्या आणखी थोडे. म्हणून वास बरेच दिवस पुरतो.

माझ्या मते या तंत्राची खरी परीक्षा इथे सुरू होते. वास उडून गेला, पण कवचाचं काय? अनेक वर्षं हे कवच मेलामाईन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून बनवलं जात आलं आहे. मेलामाईनच्या ताटल्या ज्याच्या बनतात, त्याच जातीचं हे प्लॅस्टिक. ताटली टिकाऊ असते याचं आपल्याला कौतुक. पण डोळ्यांना न दिसणारं टरफल तितकंच टिकाऊ असेल, तर ते धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात आणि पुढे नदीपर्यंत जाऊ शकतं. ते वेचून काढणं जवळजवळ अशक्यच.

युरोपीय संघाने सप्टेंबर 2023मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध घालणारा नियम केला. त्यात सुगंधाच्या कोशांना ऑक्टोबर 2029पर्यंत मुदत दिली आहे. एवढी सवलत का, असं कोणी विचारेल. कारण काम अवघड आहे. बाटलीतलं साबणासारखं द्रव्य कवचातून तेल ओढून घेऊ पाहतं. कवच तिथे महिनोन्महिने गळता कामा नये, कपड्यावर हलक्या घर्षणाने फुटलं पाहिजे आणि शेवटी जिवाणूंना ते खाऊन संपवता आलं पाहिजे. या तिन्ही अटी एकाच भिंतीने पाळायच्या! वनस्पतींची प्रथिनं, सेल्युलोज, कोळंबीच्या टरफलांतून मिळणारं कायटोसान अशा पदार्थांवर त्यासाठी प्रयोग चालू आहेत.

निसर्गाने हे गणित केव्हाच सोडवलं आहे. संत्र्याची साल तेलाच्या पिशव्या जपते, आणि झाडाखाली पडली की कुजून तिची माती होते. आपल्या कोशांना ते साधेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. घमघमाट वाढावा म्हणून बाटलीवर दिलेल्या मापापेक्षा जास्त द्रव्य ओतू नये. कपडे नुसते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवले, तरी त्यांनाही स्वतःचा एक चांगला वास असतोच.