बेस कॉम्बोचा स्पीकर बदलताना

अहिल्यानगरच्या जत्रा-लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारच्या कॉम्बोचा (ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात) आवाज कमी पडला, तर जास्त वॅटचा स्पीकर हा उपाय नव्हे. वॅट म्हणजे स्पीकर किती शक्ती सोसेल त्याचा आकडा. ॲम्प्लिफायर तोच, मग आवाज वाढेल कशाने? वाढतो तो संवेदनशीलतेने: ती 3 डेसिबलने जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. साध्या गिटारचा स्पीकर स्वस्तात मिळेलही. पण गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 82 हर्ट्झची, बेसची 41 हर्ट्झची. इतक्या खालच्या सुरांना कोन लांबवर हलावा लागतो, खोकेही त्या स्पीकरला जुळणारे लागते. आणखी एक स्पीकर जोडायचा असेल, तर ओहमही पाहा: 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार 4 ओहम होतो. ॲम्प्लिफायरची किमान मर्यादा 8 ओहम असेल, तर तो जळू शकतो.