दादाजानची पेटी

ईदनंतर घराची आवराआवर काढली, तेव्हा माडीवर टिनाच्या छपराखाली ठेवलेली दादाजानची लोखंडी पेटी खाली आणली. आत त्यांच्या रेकॉर्डी. यवतमाळचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहेच; मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. वरच्या चार तबकड्या पापडासारख्या वाकल्या होत्या. त्यांतच दादीची आवडती कव्वाली होती. दादी काहीच बोलली नाही, फक्त रिकामं कव्हर मांडीवर घेऊन बसली.

बाकीच्या वाचवायच्या म्हणून मी हे काम शिकून घेतलं. अनेक घरांत अशी पेटी असेल, म्हणून लिहितो.

आधी तबकडी ओळखा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात; जड आणि ठिसूळ. पडली की फुटली. 1948 साली आलेली लाँग प्ले तबकडी प्लास्टिकची. ती फुटत नाही, पण उन्हाने वाकते. मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं 78 च्या तबकड्यांवरच आपल्यापर्यंत आलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि त्यात अख्खा राग मांडलेला! 1958 च्या ‘अल हिलाल’ सिनेमातली इस्माईल आझाद यांची कव्वालीही त्याच काळातली.

दोन्ही जातींची खाच वेगळी, म्हणून सुईही वेगळी. 78 ची खाच रुंद असते. तिच्यात लाँग प्लेची बारीक सुई घातली तर ती तळाशी घासते आणि खरखर वाढते. काही जुन्या यंत्रांत सुई उलटवायची सोय असते. ती आधी बघा.

आता यंत्र. ते भक्कम, सपाट जागी ठेवा. पाण्याची पातळी बघायचं गवंड्याचं स्पिरिट लेव्हल इथे कामी येतं. नवीन पद्धतीच्या यंत्रात हाताच्या मागे वजन असतं. हात हवेत आडवा तरंगेल इतकं ते फिरवा, आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग सुई बनवणाऱ्याने सांगितलेला भार द्या. चुंबकीय सुईला तो बहुधा दीड ते दोन ग्रॅम असतो. आमचे चाचा सुई उडू नये म्हणून हातावर चार आण्याचं नाणं ठेवत. सुई उडायची थांबे, पण खाच झिजत जाई. भार फार कमी ठेवला तरी नुकसानच. सुई खाचेत नाचते आणि भिंती ओरबाडते.

कापसाच्या गावात धुळीबरोबर बारीक तंतूही उडतात. दर वेळी लावण्याआधी मऊ ब्रशने तबकडी पुसा, खाचेच्या दिशेनेच. सुई मात्र मागून पुढे, हलक्या हाताने. डाग असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड वापरा. मधला कागद भिजू देऊ नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते.

तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. जागा तळमजल्यावरची, सावलीची, भिंतीच्या ओलीपासून दूर. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी लागते. आणि जे बाजारात पुन्हा मिळणार नाही, ते एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्या.

वाकलेल्या तबकड्या मी गरम करून सरळ करायला गेलो नाही, खाचाच बिघडतात. दोन काचांमध्ये दाबून ठेवल्या. तीन तशाच राहिल्या. कव्वालीची थोडी सुधारली. सुई वरखाली होते, पण दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजते.

दादीने ती दोनदा लावायला लावली. मग म्हणाली, “बेटा, आता पेटी माझ्या खोलीत ठेव. वर नको.”