हडसनच्या एका तीरी घर, दुसऱ्या तीरी नोकरी

बांद्याहून रोज गोव्यात नोकरीस जाणाऱ्या गृहस्थाला सीमा ओलांडल्याबद्दल आयकराचे दुसरे विवरणपत्र भरावे लागत नाही, कारण शेतीचे उत्पन्न वगळता मिळकतीवर कर बसविण्याचा अधिकार आपल्या घटनेने केंद्राकडेच ठेवला आहे. परंतु न्यू जर्सीत बिऱ्हाड थाटून हडसन नदीखालच्या रेल्वेने मॅनहॅटनला कामास जाणाऱ्या मराठी माणसाला वॉशिंग्टनच्या केंद्रीय कराखेरीज दोन राज्यांच्या महसूलखात्यांना हिशेब द्यावा लागतो.

जेथे श्रम घडतात त्या राज्याचा त्या वेतनावर पहिला हक्क, आणि जेथे माणूस राहतो त्या राज्याचा त्याच्या समग्र उत्पन्नावर हक्क, असे हे दुहेरी तत्त्व आहे. परराज्यातील रहिवाशाने आपल्या हद्दीत मिळविलेल्या उत्पन्नावर राज्याला कर घेता येतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० सालीच मान्य केले. म्हणून आधी न्यू यॉर्कचा अनिवासी अर्ज, आयटी-२०३, पुरा करावा, आणि त्यात ठरलेल्या कराची वजावट मग न्यू जर्सीच्या एनजे-१०४० मध्ये मागावी. येथे पुष्कळ जण चुकतात: वजावट मिळते ती विवरणपत्रात ठरलेल्या कराची, पगारातून कापल्या गेलेल्या रकमेची नव्हे; शिवाय त्याच उत्पन्नावर न्यू जर्सीचा जेवढा कर होतो, त्याहून अधिक वजावट मिळत नाही.

पेन्सिल्व्हेनियाशी मात्र न्यू जर्सीचा १९७७ पासून करार आहे. मालकाकडे रहिवासाचे प्रमाणपत्र दिले की पगारावर घरच्याच राज्याचा कर लागतो.

खरा अन्याय मला दिसतो तो घरबसल्या केलेल्या कामाच्या बाबतीत. मालकाच्या गरजेपोटी नव्हे, तर स्वतःच्या सोयीसाठी नोकर घरी बसला, असे मानून न्यू यॉर्क तो दिवस आपल्याच हद्दीतला धरते; म्हणजे ज्या दिवशी माणसाने नदी ओलांडलीच नाही, ज्या गावचे रस्ते वापरले आणि ज्या गावच्या शाळेत मुले धाडली ते गाव न्यू जर्सीचे, त्याही दिवसाचा कर आधी न्यू यॉर्कच्या तिजोरीत जमा होतो, आणि वजावटीची झीज न्यू जर्सी सोसते. २०२३ मध्ये न्यू जर्सीने, असा नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांपुरता, तोच नियम उलट लागू केला आणि न्यू यॉर्कविरुद्ध दाद मागून परतावा मिळविणाऱ्या आपल्या रहिवाशांस करात सवलत देऊ केली.